ऑन नाही, विथ

बाबा, आज तुमचा खूप राग आलाय आणि तो ऐकायला तुम्ही नाही, म्हणून लिहितेय. कोलशेतच्या ऑफिसात टीम लीडच्या जागेसाठी मुलाखत होती. काम मी कधीपासून करतेच आहे, फक्त नाव मिळायचं होतं. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, काम वेळेत होईल ना? मराठीत 'होईल वेळेत' म्हणून मोकळी झाले असते. मी मात्र 'ऑन टाइम' म्हणू की 'इन टाइम' यात अडकले. ठरल्या वेळी ते ऑन, उशीर व्हायच्या आत ते इन, तुम्हीच घोटून घेतलेलं. त्यात माझाच टाइम संपला. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी नंतर आत गेली आणि हसत बाहेर आली. "काय नाय गं ताई, मी बोलली, वुई विल डिस्कस अबाउट इट." डिस्कसपुढे अबाउट लागत नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. जागा तिला मिळाली.

मानपाड्याच्या कंपनीत तुम्ही साहेबांची पत्रं टाइप करायचात. एकदा 'टू'च्या जागी 'फॉर' पडला, तर साहेबांनी सगळ्यांदेखत कागद फाडला, हे तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं. वाईट वाटलं. पण त्याचा भुर्दंड मी का भरायचा?

मी चौथीत आहे. शाळेतून रडत येते. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही ओट्याशी चहा पीत उभे. घरात मी इंग्रजीच बोलायचं हा तुमचा नियम, म्हणून हुंदके देत सांगते, "टीचर वॉज अँग्री ऑन मी." तुम्ही कप खाली ठेवता. मला वाटतं, आता जवळ घ्याल.

"ऑन नाही, विथ."

"अहो, पोर रडतेय," आई म्हणते.

"रडू दे. पण बरोबर बोलून रडू दे."

टीचर का रागावल्या, ते तुम्ही कधीच विचारलं नाहीत. आपल्या मराठीत माणूस माणसावर रागावतो, म्हणून मी ऑन म्हटलं. एवढं कळत नव्हतं तुम्हाला?

आज घरी आले तर लेकीने तोंड बघूनच विचारलं, "मम्मा, हू आर यू अँग्री ऑन?" 'विथ' अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "तुझ्या आजोबांवर." "अगं, ते कुठे आहेत आता?" म्हणाली आणि सरकून शेजारी बसली. "काय झालं, सांग ना."

हे पत्र टाकू कुठे? विथ म्हणजे सोबत, आणि सोबत तर तुम्ही नाही. म्हणून, आय ॲम अँग्री ऑन यू, बाबा. चूक आहे, मला माहीत आहे. मुद्दाम ठेवलीय. दुरुस्त करायला तरी या.