होडीचा माझा अर्धा भाग

मी, हानुस याकोपसेन, वय सदुसष्ट, धंदा होड्या बांधण्याचा, राहणार तोर्सहावन, मूळ गाव नोर्दव्हिक, फॅरो बेटं, डोकं ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

१. याआधीचा कागद मी आज सकाळी फाडला. त्यात सगळं वल्हवणाऱ्यांच्या मंडळाला होतं, माझी मुलगी सोलरुन हिचं नावसुद्धा नव्हतं. तो खिशात घेऊनच मी काल तिच्या लग्नाला आलो. बोलावणं नव्हतं. पण आमच्याकडे लग्नाला अख्खा गाव येतो, आणि मी या गावचा आहे! बापाशी बोलली नाही तर कागद वकिलाकडे, असं ठरवून आलो होतो.

२. होडी. घटस्फोटात सासऱ्यांनी बांधलेली होडी माझी अर्धी, बायको मार्युनची अर्धी ठरली. रागाच्या भरात मी माझी अर्धी करवतीने कापून नेली. होय, खरोखर कापली. सोलरुन तेव्हा पंधराची. धक्क्यावर उभी राहून "बाबा, नको" म्हणत होती. होडी पुढे तिलाच मिळायची होती. त्यानंतर अकरा वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मला लाज वाटते. कायद्याच्या कागदात हे बसत नसेल, तरी राहू द्यावं. होडीचा माझ्याकडचा मागचा भाग, सगळी अवजारं, तोर्सहावनचं घर आणि बँकेतली शिल्लक सोलरुनला. पुढचा भाग मार्युनकडे आहे. मध्ये नव्या फळ्या घालून उन्हाळ्याआधी मी स्वतः होडी जोडणार. त्याआधी मेलो, तर ओलीने जोडावी.

३. ओली म्हणजे मार्युनचा भाऊ. 'करवत्या' हे माझं नाव त्यानेच गावभर केलं. त्याला काही देत नाही. काल जेवणानंतर नाचाची साखळी सुरू झाली, पोवाडा तोच गात होता. साखळीत कुणीही शिरावं, बाकीच्यांनी हात सोडून त्याला आत घ्यावं, ही आमची रीत. तरी माझे पाय भिंतीपाशीच. शेवटी मार्युनने भावाचा हात सोडला.

"येतोस, की खांबासारखा उभाच राहणार? पावलं तरी आठवतात का?"

मी दोघांच्या मध्ये शिरलो. ओलीला गाणं सोडून शिव्या देता येईनात, म्हणून त्याने माझी बोटं मोडेस्तोवर दाबली. फिटंफाट झाली असं मी मानतो.

४. साखळी वळणं घेत जाते, त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येकाच्या समोर येतो. सोलरुन समोर आली, तिने खाली पाहिलं. दुसऱ्यांदा आली, माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, पाऊल चुकतंय तुमचं." चुकतच होतं. डोळ्यांपुढे काही दिसेल तर ना!

५. मांस वाळवायची माझी खोप मार्युनला द्यायची होती. आज सकाळी तिने ती ओळ खोडायला लावली.

"मला काही दिलंस तर साक्षीदार होता येणार नाही. तुझ्या शेजारी माझी शेवटची सही घटस्फोटाच्या कागदावर आहे, हानुस. ती शेवटची नको."

म्हणून खोपही सोलरुनला.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

हानुस याकोपसेन

साक्षीदार:
१. ओली दाल्सगोर (करवत्याच्या होडीचं काम मी फुकट करणार नाही)
२. मार्युन दाल्सगोर

नोर्दव्हिक, मार्युनच्या स्वयंपाकघरात, १४ एप्रिल २०१९