दोरी ओढली होती

१४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळ

प्रिय धाकट्यास,

दादाचे आशीर्वाद. ताईकडे तू सुखरूप आहेस असं धरून चालतो. तिच्या हातचं खाऊन गालफडं जरा भरली असतील तर बरंच आहे. इकडे आईच्या डोळ्यांत थेंब घालणं चालू आहे. गुडघ्याचं म्हणशील तर तो रोज नवी तक्रार शोधून काढतो. तुझी बायको बरी आहे. बोलते कमी, कामं जास्त करते. तुझी वहिनी म्हणते, तिला काहीतरी ठाऊक आहे. मी म्हटलं, असेल.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर ‘दादा, रेंज नाही’ म्हणून ठेवून देतोस. ताई त्याच घरातून आईशी अर्धा अर्धा तास बोलते, तिला बरी रेंज सापडते. म्हणून लिहायला बसलो. पत्रही अर्ध्यात खाली ठेवता येतं, पण ते तिथेच पडून राहतं. पुन्हा उचलावंसं वाटलं तर सापडतं.

गॅरेज चालू आहे. बाकावर बसून गाड्यांच्या गप्पा अजून तशाच होतात. तुला त्या आवडायच्या, म्हणून सांगतो. टॅक्सीवाल्या काकांच्या गाडीचा क्लच बदलला. म्हणाले, ‘घरात तीन सुना आल्या, पण आजवर रुसली नाही अशी ही एकटीच.’ डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणे कुरकुरल्या. सीट शाळेच्या बाकासारखी, दार लावलं की पत्र्याच्या डब्याचा आवाज. मी विचारलं, मग पुढची गाडी दुसऱ्या कंपनीची घेणार का? तर म्हणाल्या, ‘नाही बाबा. मला गाडीत झोपायचं नसतं, पोचायचं असतं.’ आणि भाजीच्या व्यापाऱ्याला तर इंजिनाचं तेल बदलावं लागतं हेच अजून पटत नाही. जपानी गाडी आहे ना, मग तेल कशाला, असा त्याचा सवाल. सगळे हसले.

मला हसू आलं नाही. हल्ली कोणी ‘जपानी आहे, तिला काय होतंय’ म्हणालं की माझा हात थांबतो.

बाबांची आठवण फार येते. त्यांच्या त्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ होत्या. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बाबा गाड्या धुवायला होते. तेव्हा जपानहून एक साहेब शिकवायला आला, सोबत दुभाषा. इतर लोक डुलक्या काढत होते, बाबा पाण्याची नळी हातात धरून ऐकत राहिले, म्हणून शिव्याही खाल्ल्या. ती कंपनी आधी गाड्या करतच नव्हती. ते घराणं माग करायचं, कापड विणायचे माग. त्यांच्या मागाची करामत अशी की धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा. खोटं कापड एक बोटभरही पुढे जायचं नाही. त्या घरातल्या मुलाच्या डोक्यात गाड्या शिरल्या. पहिल्या पहिल्या गाड्या परदेशात पाठवल्या तर तिथल्या मोठ्या रस्त्यांवर त्या धापा टाकायला लागल्या. त्यांनी त्या परत नेल्या, खोलल्या, पुन्हा केल्या. त्याच्याही आधी असे दिवस आले होते की कामगारांना घरी बसवावं लागलं. तेव्हा मालक झालेला तो मुलगा म्हणाला, मग मीही जातो, आणि खुर्ची सोडून गेला. पुढचे चांगले दिवस बघायला तो जगला नाही. हे सांगताना बाबांचा आवाज दरवेळी बसायचा. तू एकदा म्हणाला होतास, ‘तो मालक सख्खा चुलता असल्यासारखे बाबा रडतात.’ बाबांनी तुला मारलं नाही. हसले.

आणि तिथून त्यांनी दोरी आणली. त्या कारखान्यात म्हणे कोणीही कामगार, अगदी कालचा आलेला, काही चुकीचं दिसलं तर दोरी ओढून सगळं काम थांबवू शकतो. बाबांनी स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा अवजारं पुरेशी नव्हती, पण भिंतीला दोरी आधी बांधली आणि टोकाला घंटा. कोणी ओढली तर बाबांनी स्वतः हात लावून बघेपर्यंत ती गाडी जागची हलायची नाही. गिऱ्हाईक कितीही तडतडो. आई म्हणायची, देवाच्या घंटेपेक्षा यांना हीच घंटा जवळची. बाबा गेल्यावर हात लावून बघायचं काम माझ्याकडे आलं. मी नसेन तेव्हा तुझ्याकडे.

आता लिहितो ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तुझ्यामाझ्यात ते एकदाही बोललं गेलेलं नाही.

मास्तरांच्या गाडीला अपघात झाल्यापासून आपला पत्रा ठोकणारा डेंटर कामावर आला नव्हता. मी म्हटलं, मास्तरीणबाई त्यात गेल्या, ते मनाला लागलं असेल. त्याच्याही पोरी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. तो दारात बसून एक फुटका दिवा पुसत होता, कुठल्या गाडीचा देव जाणे. मी विचारलं, काय रे, पगार नको का? त्यानं दिवा खाली ठेवला. मग म्हणाला, ‘मालक, मी दोरी ओढली होती.’

मी त्या दिवशी आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. मास्तरांच्या गाडीचं डाव्या बाजूचं चेपलेलं मडगार्ड डेंटरकडे आलं होतं. ते सरळ करताना त्याला चाकाच्या आत ब्रेकचा रबरी पाइप दिसला. वाकलेला पत्रा घासून घासून तो झिजला होता, एका जागी फुगला होता. त्यानं दोरी ओढली. घंटा वाजली. तू आलास, वाकून बघितलंस, फडक्यानं पुसलंस. नवा पाइप दुकानात नव्हता, दुसऱ्या दिवशी आला असता. मास्तर आणि बाई बाकावर तयार होऊन बसलेले. लेकीकडे निघाले होते, बाईंच्या मांडीवर तिच्यासाठी शिवलेल्या कपड्यांची पिशवी होती. मास्तरांनी तुला विचारलं, घंटा का वाजली रे? तू म्हणालास, डेंटरला चहाची तल्लफ आली. मास्तर हसले. डेंटरनं तुला पुन्हा टोकलं, तेव्हा तू त्याला हळूच म्हणालास, ‘जपानी आहे ती, नुसता हात दाखवला तरी थांबेल.’ आणि किल्ली मास्तरांच्या हातात दिलीस.

हे सगळं असंच घडलं ना? एक शब्द इकडचा तिकडे असेल तर मला सांग. मी आनंदानं चूक कबूल करीन.

डेंटरचं ऐकून मी चौकीच्या आवारात गेलो. गाडी तिथेच कोपऱ्यात आहे, वर धूळ, खाली मांजरी. हवालदार ओळखीचा, त्यानं बघू दिलं. मी जमिनीवर झोपून आत हात घातला. पाइप जिथे फुगला होता तिथेच फाटला आहे. म्हणजे लेकीकडे जाताना उतारावर मास्तरांनी ब्रेक दाबला तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांचा ब्रेक गेला, मागच्यांचा उरला तेवढा उरला. पुढे उभ्या ट्रकसाठी तो पुरला नाही. गाडीत खोट नव्हती रे. एवढ्या वर्षांत तिनं त्या दोघांना कधी रस्त्यात सोडलं नव्हतं. खोट आपल्याकडे होती.

मी तिथेच पडून राहिलो. हवालदाराला वाटलं मला चक्कर आली. मी देवाचं नाव घेत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं.

तू म्हणशील, दादा, हे कोणाला कळणार आहे? खरं आहे. कोणाला कळलं नसतं. चौकीवाल्यांनी मास्तरांचं वय विचारलं आणि तिथेच त्यांचा तपास संपला. म्हाताऱ्यानं ब्रेकच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नाही, आणखी काय हवं? मास्तर पहिले काही दिवस सांगत होते, मी ब्रेक दाबला, पायाखाली पेडल खोल गेलं. लोक समजूत घालायचे, मास्तर, वय झालं, होतं असं. इतक्या लोकांनी इतक्या मायेनं समजूत घातली की आता मास्तर स्वतःच तसं सांगतात. मी भेटायला गेलो की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय हलताना दिसतो. इकडून तिकडे. तपासून बघतात. कुठला पाय कुठे पडला असेल ते.

आणि लेक त्यांच्याशी बोलत नाही. ‘तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं गाडी सोडा म्हणून, तुम्ही माझ्या आईला मारलंत,’ हे तिचं शेवटचं वाक्य. दिवसकार्याला आली, आईचे कपडे नेले आणि बापाकडे न बघता गेली. ते घरात एकटे आहेत. शेजारच्या बाई डबा देतात, तो कित्येकदा तसाच परत जातो. धाकट्या, ज्या माणसानं तुला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून दिलं तो माणूस आपण आपली बायको मारली असं समजून एकेक दिवस संपवतोय. आणि बाई? पहिलीत तू शाळेच्या दारात भोकाड पसरायचास, तेव्हा त्या तुला कडेवर घेऊन अख्खा वर्ग शिकवायच्या. सगळे वर्ग एकाच खोलीत भरायचे, मी दुसऱ्या रांगेतून बघायचो. मला हेवा वाटायचा.

काल मी मास्तरांना सगळं सांगितलं.

तुला विचारून सांगायला हवं होतं का, याचा विचार मी बराच केला. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मग मला तुझं ऐकायचं की नाही हा दुसरा प्रश्न पडला असता. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सांगत गेलो. दोरीचं, घंटेचं, पाइपचं. तुझं नाव घेतलं. गॅरेज माझं आहे तेव्हा माझंही घेतलं. मला वाटलं, शिव्या देतील, काठी उचलतील. त्यांनी स्वतःच्या उजव्या पायावर हात ठेवला आणि म्हणाले,

‘म्हणजे मी ब्रेकच दाबला होता.’

मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. मग ते रडले. बाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, आत्ता उठतो आणि तुमच्या लेकीला जाऊन सांगतो. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘ती तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही. म्हणेल, बाबांचा लाडका विद्यार्थी, त्यांना बरं वाटावं म्हणून अंगावर घेतोय. त्याला आण. ज्यानं केलं त्याच्या तोंडून ऐकलं तर ती ऐकेल.’ मग म्हणाले, ‘त्याला सांग, मी काही बोलणार नाही. फक्त तिच्यासमोर उभा राहा म्हणावं.’

तर हे मागणं आहे. माझं नाही, त्यांचं.

पुढचं मी लपवून ठेवत नाही. सोमवारी मी आणि डेंटर चौकीत जबाब द्यायला जाणार आहोत. उद्या गेलो असतो, पण पत्र पोचायला आणि तुला यायला वेळ हवा. तू स्वतःच्या पायांनी आलास तर आधी मास्तरांच्या लेकीकडे जाऊ, मग तिथून सरळ चौकीत. मी तुझ्या बाजूला असेन. वकील बघून ठेवला आहे. तो म्हणाला, आपण होऊन आला तर फरक पडतो. किती पडतो ते त्यानं सांगितलं नाही. नाही आलास, तर ताईचा पत्ता मला विचारतील आणि मी तो देईन. ताईच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहावी, तिच्या सासूनं ते बघावं, असं तुला वाटत असेल असं मला वाटत नाही.

गॅरेज बंद होईल. तसं कोणी सांगायची गरजही नाही, ही बातमी फुटली की कोण आपल्याकडे गाडी आणेल? मला या वयात कोणाच्या तरी हाताखाली उभं राहावं लागेल. राहीन. त्याबद्दल तुझ्यावर राग नाही. ज्याबद्दल आहे ते मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर तू येणार नाहीस, आणि तू यायला हवंस.

मी देवाकडे पुष्कळ मागून बघितलं. हे माझ्या हातून होऊ नये, असं. दुसरं कोणी तरी बोलावं. पाइप दुसऱ्याच कोणाला सापडावा. निदान तू आधी बोलावंस. यातलं काही झालं नाही. तेव्हा देवानं हे कोणाला करायला लावलंय ते कळलं.

तुझ्या बायकोला काल सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘झोपेत ते घंटा घंटा म्हणतात.’ आईला सांगितलेलं नाही. डोळ्यांचे थेंब बंद होईपर्यंत थांब, असं वहिनीचं म्हणणं. पण मला वाटतं ते तूच सांगावंस, तिच्याजवळ बसून, तिचा हात धरून. मी सांगितलं तर तिचे दोन मुलगे वेगवेगळे होतील. तू सांगितलंस तर कदाचित नाही होणार.

ताईला माझा नमस्कार नको, जे घडलं ते खरं सांग. सकाळची बस पकड, उन्हाचं येऊ नकोस.

तुझी वाट पाहणारा
आणि तुझ्याविरुद्ध साक्ष देणारा,
तुझाच
दादा