मास्तरांची खुर्ची

प्रिय राणीसरकार,

मी ठणठणीत आहे. कारखान्यात दारं-खिडक्या करतो, जेवण वेळेवर मिळतं. काळजी नको.

तुझ्या पत्राच्या तीन पानांत अडीच पानं वरच्या मजल्यावरचे मास्तरच आहेत. निसर्गनियमांबाहेर कुणी असूच शकत नाही, म्हणून जग घडवणारा देवही नाही, असं ते रोज आपल्याकडे बसून समजावतात म्हणे. चहा किती वेळा होतो?

मला शास्त्र कळत नाही. पण ते बसतात ती खुर्ची मी केली. मी खुर्चीत नाही, घरातही नाही. म्हणून मी नाहीच का?

धाकटीचा खोकला थांबला?

आणि हो, निघायच्या घाईत त्या खुर्चीच्या मागच्या पायाला सरस लावून तो पक्का करायचा राहिलाय. करणाऱ्यालाच ठाऊक असतं हे. मास्तरांना सांगू नकोस.

तुझा, अजून असलेला,
नवरा