ऋषीचं वय आणि सीमाकाकूंचा ओवा

हॅलिफॅक्स,
रविवार, १९ फेब्रुवारी २०१७

ती. आत्यास,
सुमेधाचा नमस्कार. (पाय लांब पडतात, तरी खुर्चीतून उठून, वाकून केला आहे. शेजारची मुलगी बघत होती. तिला वाटलं माझं पेन पडलं.)

एखादं मूल एकवीस ऑगस्टला जन्मलं असेल, तर आज त्याचं वय किती? तू बोटांच्या पेरांवर मोजशील आणि सहा महिने म्हणशील. मी साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकले, घरातली पहिली पदवीधर म्हणून दादांनी माझा फोटो गिरणीत लावला (आता पिठाने पांढरी झाले असेन), वर इथला दोन वर्षांचा कोर्स केला, आणि तरीही या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही. देता येत नाही हे मी कबूल करते. का ते सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण दोन मिनिटांत आई फोन काढून घेते आणि मी जेवले का ते विचारते.

तुझा गुडघा कसा आहे? मी सांगितलेला व्यायाम करतेस ना? (करत नसशील. ठाऊक आहे.) पाटावर बसून बाळं न्हाऊ घालायचं आता कमी कर असं मी म्हणणार नाही, कारण तिसऱ्या वर्षाला असताना मी तुझ्या मालिशीविरुद्ध आरोग्य केंद्रात भाषण केलं होतं आणि त्यानंतर तू माझ्याशी दोन दिवाळ्या बोलली नव्हतीस. त्या भाषणातला नाकाला चिमटे काढण्याबद्दलचा भाग आणि हातपाय उलटसुलट ओढण्याबद्दलचा भाग मला आजही मान्य आहे. बाकीच्या भाषणाबद्दल पुढे येईलच.

तर ऋषी. मृणालिनी आणि नंदन यांचा मुलगा. नंदन नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. मृणालिनी पुण्याची, बँकेत होती. ऋषी बारा आठवडे आधी आला. जन्मला तेव्हा किलोभर साखरेच्या पुड्याएवढा, आणि थंडी पडेपर्यंत काचेच्या पेटीत. त्याची खरी तारीख होती तेरा नोव्हेंबर. म्हणून इथे असं करतात की त्याची मान, त्याचं हसू, त्याचं कुशीवर वळणं, हे सगळं नोव्हेंबरपासून मोजायचं. लसी मात्र ऑगस्टपासून. म्हणजे टोचून घ्यायला तो सहा महिन्यांचा आणि मान धरायला तीन महिन्यांचा. अशा बाळांच्या घरी जाऊन, त्यांना पालथं कसं झोपवायचं, छातीखाली टॉवेलची वळकटी कशी ठेवायची, हात तोंडाशी कसे आणायचे, हे आईबापांना शिकवायचं माझं काम. अजून इथलं लायसन्स नाही, म्हणून मी असिस्टंट. माझी साहेब हेदर मॅकनील नावाची, इथल्याच केप ब्रेटन बेटावरची बाई आहे, पंचवीस वर्षं हेच करते. आत्या, मला हे काम इतकं आवडतं की बुधवारी ऋषीकडे जायचं असलं की मंगळवारपासूनच मला भूक लागत नाही.

आता ऋषीची आजी, सीमाकाकू. डिसेंबरात नागपूरहून आल्या. त्यांना मी दोन वयांचा हिशेब समजावला, चित्र काढून समजावला, आणि फार छान समजावला असं मला वाटलं. पुढच्या बुधवारी कळलं की त्यांना तो माझ्यापेक्षाही छान समजला होता. दवाखानाच जर नोव्हेंबर धरतो, तर पत्रिकेने ऑगस्ट का धरावा? त्यांनी नागपूरच्या जोशीबुवांना फोन करून तेरा नोव्हेंबरची पत्रिका काढून घेतली. ऑगस्टच्या पत्रिकेत मंगळ होता, नोव्हेंबरच्या पत्रिकेत गेला. शिवाय त्या तारखेला कोणी जन्मलंच नसल्याने वेळ निवडायची मोकळीक होती, ती त्यांनी सकाळची निवडली. उष्टावण मात्र ऑगस्टपासूनच मोजायचं, म्हणजे याच महिन्यात, कारण मुलाचं सम महिन्यात होतं आणि मामाने ग्वेल्फहून येण्याचं तिकीट काढून ठेवलं होतं. ज्याची मान अजून डोलते आहे त्याच्या तोंडात खीर. मी घाबरून तीन रात्री शरीररचनेचं पुस्तक वाचलं. (त्यात खिरीचा उल्लेख नाही.)

पण खरी काळजी खिरीची नव्हती, मृणालिनीची होती. ती ऋषीला हात लावत नसे. म्हणजे दूध पाजायची, लंगोट बदलायची, पण जणू विजेची तार बदलते आहे अशी. पेटीत असताना एकदा तिने त्या गोल खिडकीतून हात घालून त्याच्या पाठीवर ठेवला, आणि नेमका तेव्हाच कुठला तरी अलार्म वाजला. अलार्म शेजारच्या पेटीचा होता. हे तिला तिथल्या तिथे सांगितलंही होतं. पण हाताला कोण समजावणार? मी गेले की ती दोन पावलं मागे सरकायची आणि म्हणायची, "तूच कर ना प्लीज, तुला माहितीये." आणि मी करायचे. मला ते येतं, आत्या, आणि येतं ते करायला किती बरं वाटतं. हेदर म्हणायची, आठवड्यातून एक तास तुझे हात, उरलेला सगळा वेळ कोणाचे? ते मूल आईच्या अंगावर राहून मान धरणार आहे, तुझ्या बुधवारवर नाही.

मी यावर उपाय म्हणून मराठीत एकवीस पानांची पुस्तिका लिहिली. काय करावं याची चार पानं आणि काय करू नये याची सतरा. नंदनने ती स्कॅन करून त्यावरून एक्सेलमध्ये तक्ता केला, पालथं झोपण्याच्या मिनिटांचा आलेखही. मृणालिनीने ती संपूर्ण वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून लंगोटसुद्धा नंदन बदलायला लागला.

या बुधवारी नाही, मागच्या बुधवारी मी शेवटचा उपाय म्हणून क्लिनिकमधली बाहुली घेऊन निघाले. वाळू भरलेली, साडेचार किलोची, खऱ्या बाळाच्या वजनाची. म्हटलं आधी हिच्यावर सराव करू दे. बर्फ पडत होता, पिशवी फाटली, म्हणून मी बाहुली एका पायाला धरून बसमध्ये चढले. आत्या, हॅलिफॅक्सची माणसं फार सभ्य. फक्त अख्ख्या बसचा श्वास थांबला. मी घाईने तिला सरळ करून मांडीवर घेतलं, आणि ती चूकच झाली, कारण आता ती अगदी बाळ दिसायला लागली. शेजारच्या आजोबांनी आपल्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढून तिला घातली. पार कानाखाली ओढून. म्हणाले, हिवाळा वाईट आहे. मग वय विचारलं. खरं सांगायची वेळ टोपीबरोबरच निघून गेली होती, म्हणून मी म्हटलं, जन्मापासून सहा महिने, पण धरायचे तीन. ते म्हणाले की त्यांच्या नातीचंही असंच होतं, आता ती फेरीबोटीवर काम करते, दोरखंड एका हाताने फेकते. मला उतरताना रडू आलं. टोपी परत करायची राहिली. बाहुली पाहून मृणालिनी म्हणाली, "हिच्यावर मी काहीही करीन गं. ही तुटली तर दुसरी मिळेल."

त्या दिवशी परत आल्यावर हेदरने मला गाडीत बसवलं (फावड्याने बर्फ उपसून गाडी मीच काढली होती) आणि म्हणाली, सुमेधा, तुझे हात फार चांगले आहेत, पुढच्या बुधवारी ते खिशात ठेव.

आता खिशात हात ठेवून एक तास काय करायचं? रात्री मला तू आठवलीस. मी सोळा वर्षांची असताना तुझ्यामागे तेलाची वाटी धरून घरोघरी फिरायचे. पहिलटकरणीकडे तू काय करायचीस? बाळाला तेल चोळून तिच्या मांडीवर द्यायचीस आणि बंबातलं पाणी बघायला जायचीस. पाणी कधीच तापलेलं असायचं. मी एकदा म्हणालेही होते, आत्या, पाणी उकळतंय, चल की. तू म्हणालीस, "गप. अजून तापू दे." आणि बंबापाशी पदर खोचून बसून राहिलीस. मला वाटायचं तुला दमायला होतं. चार वर्षांनी मी आरोग्य केंद्रात माईकवर सांगितलं की या बायकांकडे कुठलीही पद्धत नसते.

या बुधवारी मी गेले, ऋषीला आईच्या समोर चटईवर पालथं ठेवलं, आणि म्हटलं की मला जरा वॉशरूमला जायचंय. गेले, कडी लावली आणि टबाच्या काठावर बसले. घड्याळात दहा वाजून पाच.

पाच मिनिटांनी ऋषी कुरकुरायला लागला. सातव्या मिनिटाला रडायला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. इथून विमानाने जावं लागतं त्या वॉन शहरातल्या एका क्लिनिकचा. तिथे गोदामांत काम करणाऱ्यांच्या पाठी आणि खांदे बघायचे, पूर्ण वेळ, पगार चांगला. मी डिसेंबरात अप्लाय केलं होतं. आईला एवढंच सांगितलं होतं की अप्लाय केलंय, आणि दादांनी दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की लागली. तर तो बाप्या फोनवर म्हणत होता, आम्ही तुम्हाला निवडलंय, शुक्रवारपर्यंत कळवा, आणि मी दारापलीकडचं रडणं ऐकत हलक्या आवाजात "हो, हो, हं" म्हणत होते.

दारावर टकटक. सीमाकाकू. "काय झालं वो पोरी? पोट बिघडलं काय?"

मी म्हटलं, काही नाही काकू, ठीक आहे.

"ठीक आहे तर कण्हून काहून राहिली? थांब, ओवा आणतो. नागपूरचा आहे, इथला नाही." आणि दाराखालून ओव्याची पुडी आत आली. मी खाल्ला, आत्या. खोटं पूर्ण बोलावं लागतं. मग काकू दारापाशीच स्टूल घेऊन बसल्या, दर मिनिटाला "उतरलं काय?" विचारायला. नंदन खाली बेसमेंटमध्ये मीटिंगमध्ये. म्हणजे खोलीत फक्त ती दोघं.

आणि मग रडणं थांबलं. एकदम. आपल्या कामात एकदम थांबलेलं रडणं फार वाईट. मी कडीवर हात ठेवला. सतरा पानांवर जे जे लिहिलं होतं ते ते डोळ्यांपुढे आलं. फोनवरचा माणूस विचारत होता, तुम्ही ऐकताय ना? मी ऐकत होते, त्याचं नाही. कडी अर्धी सरकवली, आणि तेव्हा मृणालिनीचा आवाज आला. कोणाशी तरी भांडल्यासारखा. "काय रे? काय बघतोस? मीच आहे. दुसरं कोणी नाहीये इथे, सगळ्या बाथरूमपाशी आहेत."

मी कडी परत लावली. आणखी दहा मिनिटं बसले. पाणी तापू दिलं.

बाहेर आले तेव्हा ती चटईवर उताणी पडली होती, ऋषी तिच्या छातीवर पालथा, तिचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर पसरलेले, आणि तो मान वर करून तिच्याकडे बघत होता. डोलत होती मान, पण वर होती. पुस्तकात जेवढी लिहिली आहे तेवढी. मी कोन मोजायचं विसरले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जरा हळू बोल, मान खाली टाकेल तो." मी बोललेच नव्हते. नंदन वर आला, किती मिनिटं झाली, तक्त्यात काय भरू, असं विचारायला लागला. कोणालाच माहीत नव्हतं. सीमाकाकू म्हणाल्या, ओवा लागू पडला बरं का.

तेवढ्यात मी एक काम करून घेतलं, ते तुला आवडणार नाही किंवा फार आवडेल. मी काकूंना म्हटलं, पत्रिका नोव्हेंबरची धरायची आणि उष्टावण ऑगस्टचं, हे चालेल का? मग कुठली तरी एक तारीख खोटी ठरते. त्यांनी तिथूनच जोशीबुवांना फोन लावला. बुवा म्हणाले, मंगळ गेलेला हवा असेल तर खीर मे महिन्यात. मामाचं तिकीट बदललं. विज्ञानाचा विजय या मार्गाने झाला हे हेदरच्या रिपोर्टात मी लिहिलेलं नाही.

माझ्या भाषणातला पद्धतीबद्दलचा भाग मी मागे घेते. नाकाचा नाही.

तिकडे सगळ्यांना नमस्कार. गुडघ्यावर ताण देऊ नकोस.

तुझी,
सुमेधा

ता. क. : एका बाबतीत तुझा सल्ला हवा आहे. वॉन की हॅलिफॅक्स? इथलं कंत्राट मार्चमध्ये संपतं. हेदर म्हणते आणखी एक वर्ष मिळेल, पण अर्धा वेळ. मृणालिनीसारख्या अजून तीन जणी माझ्या यादीत आहेत, एकीने तर बाळाचं तोंडही डोळे भरून पाहिलेलं नाही. वॉनला पूर्ण वेळ, चांगला पगार, आणि दादांनी गिरणीत पेढे वाटले आहेत असं आईकडून कळलं. तू शांतपणे विचार कर, कोणालाही विचारू नकोस, आणि तुला जे वाटेल ते स्पष्ट लिही. मी तसंच करीन.

ता. क. दोन : पत्राला पोचायला पंधरा दिवस लागतात हे वरचं लिहून झाल्यावर लक्षात आलं. तेव्हा सल्ला नको. त्याऐवजी एवढं कर, की सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी गिरणीत जा आणि दादांना तू सांग. ते फक्त तुला घाबरतात. पट्टा चालू असताना सांगितलंस तर निम्मं ऐकू येणार नाही, ते बरं. आणि ते म्हणाले की तिला समजाव, अजून वेळ आहे, तर वेळ नाही म्हणून सांग. शुक्रवारी दुपारी मी वॉनला नकार कळवला आणि हेदरच्या कागदावर सही करून आले.