कारंज्याचा खड्डा

४ ऑगस्ट, सोमवार

आज पालिकेच्या सीओ साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, पाटाजवळच्या बागेचा नकाशा उलगडून चक्क शेवटपर्यंत बघितला. म्हणाले, "छान आहे, मॅडम. पण स्वच्छतागृह कशाला? बागेत लोक किती वेळ थांबतात?" म्हटलं, साहेब, ते नसतं म्हणूनच थांबत नाहीत. हसले. सही केली नाही. "बापूसाहेबांना एकदा दाखवून घ्या."

बापूसाहेब नगरसेवक नाहीत. होते. सध्या पालिकेवर प्रशासक, म्हणजे सीओ साहेबच. निवडणूक कधी ते देव जाणे. तरी दाखवायचं त्यांनाच. (यापुढे नुसतं बा.सा. लिहीन. एवढं मोठं नाव रोज लिहायला हात होत नाही.)

माझ्या नकाशात फार काही नाही. भिंतीच्या कडेने चालायची वाट, तिला पायरी कुठेच नाही, म्हणजे पप्पांसारख्यांना काठी टेकत जाता येईल. लिंबाखाली बाकं. झोपाळे. बायकांसाठी स्वच्छतागृह. आणि मधली जमीन आहे तशी मोकळी, कारण तिथे कविता ढोकणेच्या संघातल्या मुली रोज संध्याकाळी खो-खो खेळतात. इतकी वर्षं गटारं आणि पेव्हर ब्लॉक केले. हे पहिलंच काम, ज्याचा विचार घरी आल्यावरही करावासा वाटतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बा.सां.च्या घरी. नकाशा टीपॉयवर पसरला, चारी कोपऱ्यांवर त्यांनी पेढ्याचे रिकामे बॉक्स ठेवले.

"मॅडम, समदं ठीक हाय. पन यात दिसन्यासारखं काय हाय?"

मधली जागा मुलींच्या मैदानासाठी सोडलीय म्हटलं.

"मोकळी जागा मोकळी ठेवायला इंजिनेर कशाला लागतो? तिथं कारंजं टाका. रंगीत लाइटचं. शनीला, शिर्डीला जानाऱ्या गाड्या रस्त्यावर थांबल्या पायजेत."

चहा घेऊन त्यांच्या मिसेस आल्या. सुनंदाताई. ट्रे हातात तसाच धरून उलट्या बाजूने नकाशा बघत राहिल्या. "झोपाळ्यावर मोठ्या बायांनी बसलं तर चालंल का?" मी हो म्हणणार एवढ्यात बा.सा. म्हणाले, "तू बिस्किटं आन." त्या गेल्या. बिस्किटं आली नाहीत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सही झाली. कारंजं घेतलं, त्यापायी स्वच्छतागृह गेलं, कारण मंजूर रक्कम वाढणार नाही. भांडून एवढंच मिळवलं की कारंजं पूर्वेच्या कोपऱ्यात. मैदान शाबूत.

घरी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जिंकलीस का हरलीस?" ३५ वर्षं शाळेत मुलांना असंच विचारायचे. पॅरालिसिसनंतर शब्द जरा अडखळतात, प्रश्न मात्र नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी कविताचा फोन. तिचं शिलाईचं दुकान बागेसमोरच आहे. एके काळी राज्य पातळीवर खेळलेली बाई, आता ब्लाउज शिवते आणि संध्याकाळी पोरी पळवते. बोलायला लागली ती एकदम वरच्या पट्टीत.

"मॅडम, मैदानाच्या मधोमध चुन्याचा गोल मारलाय! नकाशा तुमीच काढला ना?"

गेले. खरंच गोल. कोपऱ्यात नाही, बरोब्बर मध्ये, खो-खोच्या दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, वरून सांगितलंय. वरून म्हणजे कोणी? "वरून."

काम थांबवलं. पोरी शाळेतून आल्या आणि त्यांनी गोलात उभं राहून चपलांनी चुना पुसला. मी त्यांना अडवलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सीओंनी बोलावलं. बा.सा. आधीच बसलेले.

"कोपरा रस्त्यावरून दिसत नाही, मॅडम," साहेब म्हणाले.

मंजूर नकाशा पुढे ठेवला. सही साहेबांचीच. साहेब बराच वेळ आपल्याच सहीकडे बघत होते. मग, "थोडं ॲडजस्ट करा. मैदानही राहू द्या, कारंजंही." दोन्ही एकाच जागेवर कसं राहील ते सांगितलं नाही. मी लेखी आदेश मागितला. "बघू."

बाहेर आल्यावर बा.सा. अगदी मायेने म्हणाले, "तुमी लई मनाला लावून घेता. बाग काय तुमच्या घरची हाय का?"

नाही. तुमच्याही घरची नाही. (हे बोलले नाही.)

१८ सप्टेंबर, गुरुवार

पप्पांना रस्त्याच्या कडेने चालताना मोटारसायकलचा धक्का. खुबा वाचला, मनगट सुजलं, डोक्याला टाके. नगरला हॉस्पिटलात. रजा टाकली. पप्पा डॉक्टरांना सांगत होते, चूक त्या पोराची नाही, मला चालायला दुसरी जागाच नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कामावर हजर. बागेत गेले.

खड्डा. गोल, माझ्या छातीएवढा खोल, मैदानाच्या मधोमध. मी रजेवर असताना जेसीबी लावला. कागद नाही, आदेश नाही. सीओ म्हणाले, "तोंडी चर्चा झाली होती." कोणाची? कोणाशी?

कविता दुकानाच्या दारात उभी होती. हाक मारली नाही. मीही गेले नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

चार दिवस पाऊस लागलाय. चर्चमध्ये उपासनेला निम्मी माणसं. येताना बागेवरून आले. खड्डा काठोकाठ. पाणी चहासारखं. ठेकेदाराला फोन, भोवती पत्रे तरी लावा. "उद्या लावतो, मॅडम." पंप कुठाय, नळ्या कुठायत? "पंप पुण्याहून यायचाय." मग खणायची घाई कशाला होती?

उत्तर मला माहीत आहे. निवडणुकीच्या आधी काम सुरू झालेलं दिसायला हवं. खड्डा म्हणजे सुरू झालेलं काम.

८ ऑक्टोबर, बुधवार

पत्रे लागले नाहीत. दोन वेळा लेखी दिलं. शेवटी पालिकेच्या गोदामातला दोर आणि चार बांबू मी स्वतः नेऊन लावले. कविता दोर बांधू लागली. गाठ मारता मारता म्हणाली, "आमच्या पोरी पलीकडच्या अर्ध्यात खेळत्यात. आडवं पळता येत न्हाई, नुसतं उभं. जिल्ह्याच्या निवडीला दुसऱ्या गावच्या पोरी पूर्ण मैदानावर सराव करून येनार." रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

समीना पडली.

कविताची सगळ्यात चपळ पोरगी, दहावीतली. पाठलाग करणारीला चुकवताना मागे गेली, दोर पावसाने सैल झालेला, पाय घसरून थेट खड्ड्यात. पाणी कमरेएवढंच होतं पण हात खाली दगडावर आपटला. कोपराजवळ हाड मोडलं. निवड चाचणी पुढच्या आठवड्यात.

हॉस्पिटलात तिचे अब्बा भेटले. मंडईत फळांची गाडी लावतात. मी पालिकेची म्हटल्यावर बाकावर सरकून जागा करून दिली. एक शब्द लागेल असा बोलले नाहीत. समीना मात्र म्हणाली, "मॅडम, मी आउट नव्हते झाले. पडले पण आउट नव्हते."

कविता बाहेर व्हरांड्यात. "आता काय करताय?" एवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सीओ मीटिंगला जिल्ह्याला. फोन उचलत नाहीत. ठेकेदार उचलतो आणि हो म्हणतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बुजवला.

सकाळी पालिकेचा जेसीबी घेतला, रस्त्याच्या कामातून उरलेला मुरूम होता तो आणला. कागदावर लिहिलं, धोकादायक खड्डा, सुरक्षिततेसाठी तात्पुरता बुजवला. सही माझी एकटीची. ड्रायव्हरने तीनदा विचारलं, "नक्की ना, मॅडम?" तिसऱ्या वेळी माझाच आवाज चिरका झाला.

अर्धं काम होतंय तोवर बा.सा. गाडीतून उतरले. मागे चार-पाच माणसं.

"कुनाला इचारून?"

साहेबांना कळवलंय, मी म्हणाले. तेव्हा कळवलं नव्हतं. संध्याकाळी कळवलं. आता घरी बसल्यावर सुचतंय, म्हणायला हवं होतं, पडलेल्या पोरीला विचारून. पण वेळेवर सुचेल तर ती मी कसली.

"मॅडम, आमी कामं आनायची, तुमी बुजवायची. असं चालनार न्हाई." गाडीत बसताना बसताना थांबले. "पोरीचं मला बी वाईट वाटलं. फळं पाठवलीत." फळं. समीनाच्या घरी.

संध्याकाळी पोरींनी पाणी मारून मुरूम दाबला. ओळीने उभ्या राहून नाचल्यासारखं पाय आपटत होत्या. समीना हात गळ्यात बांधून कडेला उभी, ओरडत होती, "इथं अजून भुसभुशीत हाय!"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कारणे दाखवा नोटीस. मंजूर कामात विनापरवाना हस्तक्षेप. नकाशा सोडून भलत्या जागी खणलं त्याबद्दल कोणाला नोटीस नाही.

सीओंनी स्वतः हातात दिली, उभे राहून. "मॅडम, मनावर घेऊ नका, ही फॉर्मॅलिटी आहे." जाताना हळूच, "बुजवलात ते बरं केलंत." मग हे लिहून का देत नाही, साहेब?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आचारसंहिता लागली. नवीन काही करता येत नाही, जुन्याला कोणी हात लावत नाही. माझी सुनावणीही निवडणुकीनंतर. बागेच्या फाटकाला कुलूप. का? "उद्घाटन झालं नाही ना, मॅडम." पोरी भिंतीवरून उड्या मारून आत जातात. पप्पांना भिंतीवरून उडी मारता येत नाही. टाके निघाल्यापासून ते अंगणात येरझाऱ्या घालतात, ओसरीच्या तुळईला टांगलेल्या घड्याळाकडे बघत.

समीनाशिवाय संघ निवडीला गेला. एकच मुलगी निवडली गेली. कविताने फोन करून तिचं नाव सांगितलं, मी अभिनंदन म्हटलं.

बा.सां.चा वॉर्ड महिलांसाठी राखीव झालाय. सुनंदाताई उभ्या आहेत. फलकावर त्यांचा फोटो छोटा, यांचा मोठा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुलपाचं लिहून लिहून शेवटी किल्ली मिळाली, "पाहणीपुरती". पाहणीच करत होते तर बाहेर हलगी. सुनंदाताईंची प्रचारफेरी. सकाळपासून उन्हात. बाया दमून लिंबाखाली टेकल्या, फाटक उघडं बघून त्या एकट्याच आत आल्या. जवळ येऊन अगदी कानात म्हणाल्या,

"मॅडम, हितं बाथरूम कुठशी हाय?"

म्हटलं, नाही.

"नकाशात तर हुतं. मी बघितलं हुतं ना. ह्या कोपऱ्यात."

कारंज्यासाठी काढावं लागलं, म्हटलं. राजकारण नाही केलं, खरंच दुसरं उत्तर नव्हतं. त्या क्षणभर मैदानाकडे बघत राहिल्या. मग मीच त्यांना रस्ता ओलांडून कविताच्या दुकानामागे तिच्या घरी नेलं. कविताने दार उघडलं, उमेदवार ओळखला, तोंड आंबट केलं, आणि तरी टॉवेल काढून दिला. बाहेर कार्यकर्ते विचारत होते, वहिनी कुठं गेल्या. कोणीच सांगितलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

मतदान आटोपलं. केंद्रावर ड्यूटी, पाठ मोडली. सगळ्यांच्या बोटाला शाई आणि बागेला कुलूप.

१० डिसेंबर, बुधवार

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर सुरू. पप्पा फाटकापर्यंतसुद्धा जाईनात. नाताळची चांदणी टांगायला स्टुलावर चढायला निघाले, मी ओरडले. त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि दिवसभर उचलली नाही. कोणावरचा राग कोणावर.

नोटिशीला उत्तर लिहायला घेतलं. चार वेळा फाडलं. दर वेळी पहिलं वाक्य माफीचं होतंय.

२२ डिसेंबर, सोमवार

निकाल लागला. सुनंदाताई निवडून आल्या. काल गुलाल कविताच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आला होता. बा.सा. जीपवर उभे, हार त्यांच्या गळ्यात, ताई मागच्या सीटवर. ठेकेदार पेढे घेऊन ऑफिसात आला आणि म्हणाला, पंप पोचला पुण्याहून, आता परत खणू ना? मी पेढा घेतला.

आत्ता, सहाच्या सुमारास, करंज्या तळत होते. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी सुनंदा बोलते. तेवढा बागेचा नकाशा घेऊन घरी या."

म्हटलं, ताई, ऑफिसातच भेटू ना. आता तुम्ही तिथे येणारच.

"ऑफिसात हेच बसनार हायेत." मागे कुकरची शिट्टी झाली. "गुरुवारी हे मुंबईला जात्यात. तवा या."

गुरुवारी नाताळ आहे. तरी येते म्हणाले.

फोन ठेवल्यावर पप्पांनी विचारलं, कोण होतं? सांगितलं. "काय हवंय तिला?" ते तर मीही विचारलं नाही. त्यांना झोपाळे हवेत की कारंजं, की नुसतं बघायचंय, सांगता येत नाही. आणि नकाशे दोन आहेत, माझा पहिला, स्वच्छतागृहाचा, आणि सही झालेला, कारंज्याचा. कपाटातून दोन्ही काढून पलंगावर पसरलेत. तेलकट हाताने पहिल्याला डाग पडला.