कोऱ्या पत्रकावरची सही

८ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

फोन केला की तू हं हं करून निसटतोस, म्हणून हे पत्र. वाद पेटलेल्या केंद्रांची निकालपत्रकं आज पेपरात छापून आलीत. तुझ्या केंद्रावर सत्ताधाऱ्यांना नऊशे चार मतं, विरोधकांना सात. खाली केंद्राध्यक्ष म्हणून तुझी सही, शेपटीसकट.

मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी तू लिहिलं होतंस की जेमतेम सहाशे माणसं आली, तीही पाय ओढत. मग वरचे तीनशे काय भिंतीतून आले? तुमच्या गल्लीतला तो शिंपी उघडउघड विरोधकांचा. त्याच्या एकट्याच्या घरात नऊ मतदार. त्यांतल्या दोघांनी ऐन वेळी घात केला म्हणायचा की काय?

एकवीस तारखेला, शुक्रवारी कोर्टात तुझी साक्ष आहे असं तुझ्या बायकोकडून कळलं, तुझ्याकडून नाही. आकडे तू भरलेस का, एवढंच लिही. वरून आदेश होता, ही रडकथा मला ऐकवू नकोस.

रागावले आहे, परकी झालेले नाही.
तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस, नमस्कार.

आकडे मी भरले नाहीत. मी दोनदा मोजणी केली. विरोधक चारशे दोन, सत्ताधारी एकशे नव्याण्णव. पण पत्रकाच्या चारही कोऱ्या प्रतींवर मी दुपारीच, रांग विरळ असताना, सह्या करून ठेवल्या होत्या. संध्याकाळी आकडे एका चिठ्ठीवर लिहिले. मुख्य कार्यालयातून आलेला कारकून म्हणाला, तुम्ही दमलात, घरी जा, मी उतरवून घेतो. मी गेलो.

आता मुख्य कार्यालयातले साहेब म्हणतात, कोर्टात आकडे माझेच म्हणायचं, नाहीतर कोऱ्या पत्रकावर सही केल्याचा खटला माझ्यावर. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. बायको म्हणते, तोंड मिटून बसा.

चिडू नकोस, पण दुपारी सह्या उरकायची युक्ती तुझीच. मी पहिल्यांदा तुझ्या हाताखाली केंद्रावर बसलो, तेव्हा तूच शिकवलीस. हे सगळं एकट्याने उभं राहून सांगायची मला भीती वाटते.

माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा


१३ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून धुमसते आहे. आधी तुझ्यावर, मग त्या कारकुनावर, आणि जेवण झाल्यावर स्वतःवर. सात निवडणुकांत मी केंद्राध्यक्ष होते आणि सातही वेळा दुपारी सह्या उरकल्या. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर वहीचा समास वाकडा गेला तरी छडी मारायच्या. त्या शिस्तीत वाढलेली मी, कोऱ्या पत्रकांवरही अगदी सरळ रेषेत सह्या करत होते. माझ्या वेळी आकडे बदलले नसतील, असं म्हणायची सोय नाही. मी कधी पडताळून पाहिलेच नाहीत. याचा संताप मला सगळ्यात जास्त आहे.

आज विरोधकांच्या वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र दिलं. कोऱ्या सह्यांची ही पद्धत माझ्याही केंद्रावर होती आणि भावाला ती मीच शिकवली, असं त्यात लिहिलंय. तो शहाणा म्हणाला, बाई, इथे खाली सही करून जा, मजकूर नंतर टाइप करतो. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून दोन तास बसले. टाइप झालेली ओळ न् ओळ वाचली, मग सही केली. सरकार माझी पेन्शन अडवेल, असा इशाराही त्याने दिला. अडवू देत.

एकवीसला, शुक्रवारी सकाळच्या बसने येते. तुझ्या बायकोला सांग, तिने मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, पण तुला अडवू नये. वकिलाने माझंही नाव साक्षीदारांत घातलंय; पहिला नंबर तुझा, लगेच नंतर माझा. तू खरं बोललास तर कोर्टाने दोघांना काय करायचं ते करू दे, मी तुझ्या बाजूला उभी आहे. आकडे तुझे म्हणालास, तर मला शपथेवर सांगावं लागेल की माझा भाऊ आत्ता खोटं बोलला. मी ते सांगेन, आणि त्यानंतर तुला पत्र लिहायला माझा हात उचलणार नाही.

तुझी,
ताई