साखळीला तिसरा माणूस हवा

ब्रँट क्रीक, आयोवा
रविवार, चर्चहून परतल्यावर

रॉलंडदाजी यांस,

एल्डन आणि आर्डिस या दोघांचा नमस्कार घ्यावा आणि खुर्चीत नीट टेकून बसावं, कारण पत्र लांबणार आहे. तुमची तब्येत ठीक असेल असं मी गृहीत धरत नाही. फोनवर तुम्ही "ठीक आहे" म्हणता आणि लगेच ठेवून देता, आणि ठीक असलेला माणूस एवढ्या घाईत नसतो. तेव्हा गुडघे, दात, झोप, भूक यांचं वेगवेगळं कळवावं. इकडे माझा रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे, मी आर्डिसच्या ताब्यात आहे आणि मका यंदा बरा आहे. तुमच्या ॲरिझोनात ऑक्टोबरातही माणसं अर्ध्या चड्डीत हिंडतात म्हणे; इथे परवा गवतावर पहिलं गोठलेलं दव दिसलं. (आर्डिस म्हणते हवापाणी आटप. ती मागे उभी राहून वाचते आहे आणि मला ते कळत नाही असं तिला वाटतं.)

लिहिण्याचं कारण गंभीर आहे. कॉलेजच्या फुटबॉल मैदानावरची आमची साखळी धोक्यात आली आहे. मर्ल, डेल्बर्ट आणि मी, मुलांची लग्नं व्हायच्या आधीपासून आम्ही तिघं हे काम करतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. मर्ल आणि मी दोन टोकांच्या काठ्या धरतो, मधे दहा यार्डांची साखळी, आणि डेल्बर्टकडे कितवा प्रयत्न चालू आहे त्या आकड्याची काठी. चढाईवाल्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड मारले की सगळं उचलायचं आणि पुढे जाऊन पुन्हा उभं राहायचं. या कामाला अक्कल लागत नाही असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मी ते मनावर घेतलं नाही, पण पाय लागतात हे मात्र मान्य करा. तर काल मर्लचा पाय गेला. आणि पुढच्या घरच्या सामन्यापर्यंत, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारपर्यंत, तिसरा माणूस उभा राहिला नाही तर आमच्या काठ्या काढून घेणार आहेत.

यात दोष कोणाचा असं विचाराल तर तुमचा. तुमचा म्हणजे तुमच्या पंथाचा. तुम्ही चेंडू फेकणारे, मी फेकणाऱ्याला आडवा करणारा, आणि आपण दोघं एकाच संघात असल्यामुळे ती इच्छा माझी कॉलेजभर अपुरी राहिली. आठवतं का, त्या काळी चढाईच्या आघाडीवरच्या गड्याने मला अडवायचं तर हात छातीशी धरून खांद्याने अडवायचं असा नियम होता? मग नियम करणाऱ्यांना त्या गड्यांची दया आली आणि त्यांचे हात मोकळे झाले. आता ते बचाववाल्याला असे कवेत घेतात की लग्नातला पहिला नाच चालू आहे असं वाटावं, आणि पंच कौतुकाने बघत राहतात. मग झेल घेणाऱ्यांना जपा असं निघालं. मग कोणाच्या डोक्याला डोकं भिडवलं तर सरळ मैदानाबाहेर. (हा मात्र योग्य आहे. मर्लच्या धाकट्या भावाचं पुढे काय झालं ते आपण पाहिलंय, त्याची मी चेष्टा करणार नाही.) पण प्रत्येक वेळी नियम बदलला की सवलत चढाईला आणि दटावणी बचावाला, हे कसं काय? बचाववाल्यांना काय आया नसतात?

त्यात नवी तऱ्हा म्हणजे घाई. पूर्वी एक चढाई झाली की गडी गोल करून, डोकी एकत्र आणून कुजबुजायचे, तेवढ्यात आम्ही श्वास घ्यायचो. आता गोल नाही न् कुजबुज नाही. कोच बाहेरून हातवारे करतो, की लगेच पुढची चढाई. दमलेला बचाववाला बदलायचा म्हटलं तर त्याला सवड कधी मिळणार, तर चढाईवाले आपला गडी बदलतील तेव्हा. ते कशाला बदलतील? हेही मी सोसलं असतं. पण दाजी, पूर्वी दहा यार्ड झाले की मैदानावरचं घड्याळ थांबायचं. ते आमच्यासाठी थांबायचं. तीन माणसं साखळी घेऊन पुढे जाऊन नीट उभी राहीपर्यंत अख्खा सामना वाट बघायचा. माझ्यासाठी आयुष्यात दुसरं काहीही थांबलेलं नाही, आर्डिससुद्धा गाडीत बसून हॉर्न वाजवते. तो नियमही त्यांनी काढून टाकला. आता शेवटची दोन मिनिटं सोडली तर घड्याळ पुढे पळतं आणि आम्ही तीन म्हातारे त्याच्या मागे.

तर कालची हकीगत. पाहुणा संघ होता वेस्ली ग्रोव्ह. त्यांचा कोच इतका कोवळा की मी त्याला आधी पाण्याच्या बाटल्या भरायला आलेला समजलो आणि तसं बोलूनही गेलो. मर्लने सामन्याआधी आर्डिसच्या हातची खिमा-घेवड्याची तिखट चिली तीन वाट्या खाल्ली, वर दालचिनीचा रोल. (आर्डिस म्हणते चिलीला दोष देऊ नकोस. मी देत नाही, घटनाक्रम सांगतो आहे.) तिसऱ्या सत्रात त्या पोरांनी असा सपाटा लावला की साखळी जमिनीला टेकेना. मर्ल पुढे, मी मागे, मधे साखळी ताणलेली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की मी मर्लला फिरायला घेऊन निघालोय. आणि अचानक ती साखळी सैल पडली. पाहतो तर मर्ल गवतावर पाठ टेकून आभाळ बघतोय. पंचाने शिट्टी वाजवली, सामना थांबला.

आता खरी गंमत. हल्ली दमलेले बचाववाले पायात गोळा आल्याचं नाटक करून लोळतात, तेवढीच विश्रांती, आणि त्याविरुद्धही अर्थात नियम निघालेत. त्यामुळे तो कोवळा कोच तावातावाने धावत आला आणि पंचाला म्हणाला, "हा म्हातारा त्यांच्याच गावचा आहे, मुद्दाम पडलाय, यांच्या पोरांना दम खायला मिळावा म्हणून." पंच बिचारा गोंधळला. खेळाडू पडला तर त्याला बाहेर काढायचं हे त्याला माहीत, पण जो आधीच बाहेर उभा आहे त्याला कुठे काढायचं? तेवढ्यात मर्ल खालूनच म्हणाला, "पोरा, नाटकच करायचं असतं तर मी मऊ जागा बघून पडलो असतो." इकडे आमची पोरं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती ती पाणी प्यायली, सरळ उभी राहिली, आणि पुढच्या तिन्ही चढाया त्यांनी जागच्या जागी दाबल्या. अख्ख्या मोसमात बचावाच्या बाजूने झालेली एकमेव गोष्ट म्हणजे मर्लचा गुडघा. त्याला गाडीतून नेताना लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो राणीसारखा हात हलवत होता. सामना आपण बासष्ट-एकोणसाठ हरलो, ते सोडा.

गुडघ्याच्या आतलं काहीतरी फाटलंय, वसंतापर्यंत काठी धरायची नाही, चालायची काठी सोडून. क्रीडा विभागाच्या ट्रूडीबाई संध्याकाळी त्याला बघायला फुलं घेऊन आल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एल्डन, तुम्हा तिघांना एकेक करून मैदानातून उचलून न्यायची मला हौस नाही. चालता येणारा तिसरा आणा, नाहीतर मी विद्यार्थी घेते." बाई वाईट नाहीत. पण दाजी, तिसरा कुठून आणू? या गावात माझ्या वयाचं जे कोणी उरलंय त्यांच्यातल्या अर्ध्यांचे गुडघे बदललेत आणि उरलेल्यांचे बायकांनी लपवून ठेवलेत.

आता हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय? तर सवय. सामना झाला की रात्री फोन करून तुम्हाला शिव्या घालायच्या आणि तुम्ही हसायचं, मग मधेच लव्हॉनताईने फोन ओढून घ्यायचा. इथे असताना ती साखळीच्या बरोब्बर मागच्या बाकावर बसायची आणि भर सामन्यात ओरडायची, "एल्डन, काठी सरळ धर." अख्ख्या मैदानासमोर, सख्ख्या भावाला. तुम्ही दोघं तिच्या संधिवातासाठी वाळवंटात गेलात त्यानंतरही ती फोनवर विचारायची की काठी सरळ धरतोस ना. आता कोणी विचारत नाही. काल मी खाली बघितलं तर माझी काठी चांगलीच कलली होती, आणि एका माणसानेही सांगितलं नाही.

सरावाला तुम्हाला लाल बंडी घालायचे ते आठवतंय? लाल बंडीवाल्याला हात लावायचा नाही अशी आम्हा बचाववाल्यांना ताकीद असायची. त्या बंडीच्या जोरावर तुम्ही माझ्या बहिणीलाही आमच्या घरातून घेऊन गेलात आणि मी बघत राहिलो. (बरंच झालं. तिला तुमच्याइतकं कोणीच हसवलं नसतं.) एवढी वर्षं तुम्हाला जपलं सगळ्यांनी, आणि मग गेल्या मार्चमध्ये ताई गेली तो धक्का बसला, पाठीमागून, आणि कोणा पंचाने नियमभंगाचा पिवळा रुमालसुद्धा टाकला नाही. मी तेव्हापासून नियमांवर चिडलेलो आहे. तुमची जोलीन आर्डिसला सांगत होती की बाबा दिवसा पडदे उघडत नाहीत, सूप डब्यातूनच खातात, तेही उभ्याने. आणि शनिवारी टीव्ही लावत नाहीत. सुपाचं मी समजू शकतो. पण शनिवारी सामना न बघणारा रॉलंड केम्पर माझ्या ओळखीचा नाही, आणि मला त्याची काळजी वाटते.

असो. मागणं काही नाही, फक्त नियमांबद्दल मन मोकळं केलं. उत्तर पाठवलंत तर बरं वाटेल, नाही पाठवलंत तर मी पुन्हा लिहीन आणि ते याहून लांब असेल.

तुमचा,
कोणालाही न पाडता म्हातारा झालेला मेहुणा,
एल्डन

ता. क. पाकीट बंद करता करता सहज मनात आलं. डेल्बर्ट मर्लची काठी घ्यायला तयार आहे. म्हणजे आकड्याची काठी मोकळी राहते. ती हलकी आहे, साखळीला बांधलेली नाही, आणि तुम्हाला चारपर्यंत आकडे येतात. वरची खोली रिकामी आहे. आर्डिसने पडदे धुऊन ठेवलेत. माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारसाठी या. मग मका निघेपर्यंत राहा, किंवा बर्फ पडेपर्यंत, किंवा आमचा कंटाळा येईपर्यंत.

ता. क. दुसरा. रॉलंडभाऊजी, मी आर्डिस. पडदे धुतलेले नाहीत, उद्या धुते. बाकी सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून, आणि ती त्याने स्वतः लिहिल्याशिवाय मी पाकिटाला तिकीट लावू देणार नाही.

ता. क. तिसरा. बरं, लिहितो. तिसरा माणूस मिळत नाही असं नाही. आज चर्चच्या पायऱ्यांवरच चार जणांनी मला गाठलं, त्यातला एक तर चाळिशीतला, रोज सकाळी धावणारा. प्रत्येकाला मी हात जोडून सांगितलं की जागा भरली. ट्रूडीबाईंनी नाव विचारलं तेव्हा तुमचं सांगितलं. मर्लने बिछान्यावरून आणि डेल्बर्टने फोनवरून होकार दिला आहे: दाजी आले नाहीत तर ट्रूडीबाईंनी खुशाल काठ्या काढून घ्याव्यात, पण तुमची काठी आम्ही दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही.